खाली बसणारा गेरू

गेल्या श्रावणात माझी भाची बोटभर उंचीची एक काचेची बाटली घेऊन माझ्याकडे आली आणि माझ्यापुढे उघड्या असलेल्या पुस्तकाच्या कडेशी, एखाद्या कुळाने मामलेदारापुढे अर्ज ठेवावा तशी ती ठेवून म्हणाली, "मामा, हे खाली बसतं." बाटलीत वर बदामाचे तेल होते, सोनेरी, निवांत, जणू आपला कशाशी काही संबंध नाही अशा थाटाचे, आणि तळाशी तांबड्या गेरूचा एक घट्ट थर होता. ओठांना लावायचा रंग घरच्या घरी करावा, बाजारच्या कांडीत काय काय घातलेले असते ते आपल्याला कळत नाही, अशा विचाराने तिने गेरू कुटून, वस्त्रगाळ करून तेलात घोटला होता. घोटताना तो सुरेख मिसळला, बाटलीत भरला तेव्हाही एकजीव दिसला, आणि सकाळी उठून पाहते तो तेल तेलाच्या ठिकाणी आणि गेरू गेरूच्या ठिकाणी. मी म्हणालो, हलवून लावावे. त्यावर तिने विचारले, "रोज हलवायचं? मी विसरले तर?"

ही फिर्याद माझ्यापुढे आली त्या घटकेला मी उदयनाचार्यांच्या न्यायकुसुमांजलीचा पाचवा स्तबक वाचत होतो, हा निव्वळ योगायोग होता. परंतु काही योगायोग असे असतात की त्यांच्यानंतर पुस्तक पहिल्यासारखे वाचता येत नाही. मिथिलेचे हे नैयायिक हजारेक वर्षांपूर्वीचे. ईश्वराच्या अस्तित्वाविषयी त्यांनी जी अनुमाने मांडली त्यांत 'धृति' नावाचे एक आहे, आणि ते थोडक्यात असे: ब्रह्मांड हे जड म्हणजे वजनदार आहे, तरी ते पडत नाही, जी वस्तू वजनदार असून पडत नाही तिला कोणीतरी प्रयत्नाने धरलेले असते, जसे आकाशात उडणाऱ्या पक्ष्याचे शरीर त्याच्या प्रयत्नाने आणि त्याने धरलेली काडी त्याच्या पकडीने वर राहते, म्हणून ब्रह्मांडालाही धरून ठेवणारा कोणी प्रयत्नवान, चेतन असला पाहिजे. आजच्या शाळकरी मुलालाही यावर हसू येईल, कारण ब्रह्मांड पडणार म्हणजे कोठे पडणार, आणि पृथ्वीपासून दूर गेल्यावर खाली म्हणजे तरी काय, हे प्रश्न त्याला सहज सुचतील. परंतु बाटलीला तळ आहे. बाटलीत वर कोणते आणि खाली कोणते याविषयी दुमत नाही, आणि तेथे उदयनाचार्यांचा प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो: जे पडायलाच निघालेले आहे त्याला धरून ठेवायचे म्हणजे नेमके काय करायचे, आणि ते करायचे कोणी?

वैशेषिकांनी या पडण्याचा जेवढा बारकाईने विचार केला तेवढा आपल्या दुसऱ्या कोणत्याही दर्शनाने केला नाही, आणि मला त्यांच्याविषयी जो काहीसा पक्षपाती आदर आहे त्याचे एक कारण हेच. आत्म्याच्या गोष्टी सगळेच करतात. फळ देठापासून सुटले की खाली का येते, हे विचारायला आणि त्यासाठी सूत्र रचायला कणादच लागतो. त्यांच्या मते गुरुत्व हा पृथ्वी आणि जल या दोन द्रव्यांचा गुण आहे. तो कोणत्याही इंद्रियाला दिसत वा लागत नाही, पडण्यावरून त्याचे अनुमान तेवढे करता येते. आणि त्यांचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी त्याच्या आड येणाऱ्या तीन गोष्टी सांगितल्या आहेत: संयोग, प्रयत्न आणि संस्कार. फळ देठाशी संयुक्त आहे तोवर पडत नाही. पक्षी प्रयत्न करतो तोवर पडत नाही. सुटलेला बाण त्याच्या अंगच्या वेगरूपी संस्कारामुळे काही काळ पडत नाही. पुढे तर्कसंग्रहकार अन्नंभट्टांनी लक्षणात आणखी एक बारकावा घातला, की गुरुत्व हे फक्त पहिल्या पतनाचे कारण. त्यानंतरचे पतन त्या पडण्यातूनच उत्पन्न झालेल्या वेगाने होत राहते. मी विद्यार्थी असताना हे लक्षण पाठ केले तेव्हा ते पदार्थविज्ञानाचे वाटले होते. पुढे आयुष्यात काही माणसे पडताना पाहिली, आणि पहिल्या पतनाला एक कारण व नंतरच्या सगळ्या पतनांना दुसरेच कारण असते, ही गोष्ट अन्नंभट्टांनी केवळ आंब्याविषयी लिहिली असेल यावरचा माझा विश्वास डळमळला.

भाचीला यातले काही सांगितले नाही. तिला सांगितले ते स्टोक्सचे. जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स या केंब्रिजच्या गणितज्ञाने १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, दाट द्रवातून खाली जाणाऱ्या बारीक गोलकाचा वेग किती असतो याचा नियम सापडतो. आणि गृहिणीच्या भाषेत त्याचा अर्थ असा की कण तेलाहून जितका जड तितका तो लवकर बसतो, तेल जितके दाट तितका उशिरा बसतो, आणि कणाचा आकार निम्मा केला तर वेग निम्मा होत नाही, चौथाई होतो. या तिसऱ्या कलमातच सगळी मेख आहे. शेंदराचे उदाहरण घ्या. शेंदूर म्हणजे शिशाची राख. तेलाच्या सुमारे नऊपट जड. त्याचा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा कण खोबरेल तेलात सेंटिमीटरभर खाली यायला ढोबळ हिशेबाने वीस मिनिटे लागतात. तोच एरंडेलात साडेतीन-चार तास घेतो, कारण एरंडेल खोबरेलाहून दहा-बारा पटींनी दाट आहे. आणि तो खलून निम्मा बारीक केला तर या सगळ्या वेळा चौपट होतात. हाच स्टोक्स पुढे १८९१ साली एडिंबरोला निसर्गावरून ईश्वराचा विचार करणारी गिफर्ड व्याख्याने द्यायला उभा राहिला होता, तेव्हा द्रवातल्या कणाकडून ईश्वराकडे जाणे हा केवळ माझ्यासारख्या रिकामटेकड्या मामाचा छंद आहे असे कोणी समजू नये.

आमच्या गावच्या मारुतीचा पुजारी स्टोक्सचे नाव न ऐकता त्याचा नियम पाळत असे. शनिवारी सकाळी तो पितळी वाटीत शेंदूर आणि तेल कालवी आणि मूर्तीला लेप देताना दर दोन-चार बोटांनंतर वाटी पुन्हा ढवळी. मध्येच कोणी नमस्काराला आले, बोलण्यात वेळ गेला, की वर तेल तरंगलेले आणि खाली शेंदूर बसलेला. त्याचा हात कधी थांबत नसे आणि त्याची कुरकूरही कधी ऐकली नाही. असा पिढ्यान्‌पिढ्यांचा ढवळून दिलेला शेंदूर मूर्तीवर थरावर थर चढत जातो, मूळ पाषाणाचे नाकडोळे त्याच्या आत बुजून जातात, आणि कधी काळी ते कवच आपल्याच भाराने सुटून येते. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर २०२२ साली संवर्धनाच्या कामात उतरवण्यात आले आणि देवीचे जे रूप पाहण्यात आले ते हयात असलेल्या कोणी पूर्वी पाहिलेले नव्हते. वाटीत दहा मिनिटे न टिकणारा शेंदूर देवीच्या अंगावर कित्येक पिढ्या टिकला, कारण तेथे त्याला मूर्तीशी संयोग मिळाला. आणि तरीही शेवटी तो उतरवावा लागलाच. उदयनाचार्यांचा पक्षी हा पुजाऱ्याच्या जातीचा आहे. पंख थांबले की संपले. ईश्वर जर जगाला अशा रीतीने धरत असेल तर तो अखंड ढवळणारा ईश्वर आहे, आणि त्याला क्षणाचीही उसंत नाही. अशा ईश्वराविषयी मला भक्तीपेक्षा कणवच अधिक वाटते.

माझ्या आजीच्या काजळाची गोष्ट निराळी होती. कृष्णपक्षातली एक रात्र ती त्यासाठी राखून ठेवी. एरंडेलाचा दिवा, त्यात जाड वात, दोन्ही बाजूंना दोन विटा आणि विटांवर पालथी घातलेली तांब्याची ताटली, जिच्या आतल्या अंगाला उगाळलेल्या चंदनाचा हात फिरवलेला. पहाटे ताटली उलटी केली की आत काळाभोर, मऊ, श्वासानेही उडेल असा थर जमलेला असे. तो ती पिसाने काढून काशाच्या वाटीत घेई, त्यात धुऊन धुऊन पांढरेशुभ्र केलेले घरचे तूप घाली आणि मग घोटायला बसे. किती वेळ, म्हणाल तर विष्णुसहस्रनाम दोनदा होईपर्यंत. बोटाच्या पेराला रवा लागता कामा नये, हा तिचा निकष. आणि एकदा डबीत भरले की पुढच्या वर्षापर्यंत त्याच्याकडे पाहायची गरज नसे. ना हलवणे, ना ढवळणे. (लहान मुलांच्या डोळ्यांत काजळ घालू नये असे आजचे डॉक्टर सांगतात आणि ते ऐकावे. मी येथे काजळाची शिफारस करायला बसलेलो नाही.)

हे काजळ का बसत नव्हते? एक तर थिजलेल्या तुपाने त्याला धरले होते, हे उघड आहे. पण केवळ तेलात कालवले असते तरी ते सहजासहजी बसले नसते. ज्योतीतून निघणारी काजळी कोणत्याही खलाने साधणार नाही इतकी बारीक असते, आणि तेलाहून फार तर दुप्पट जड. तिचे कण एकमेकांना चिकटून जे लहान पुंजके होतात त्यांतला मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा एक पुंजका घेतला, तर पातळ खोबरेलातूनसुद्धा सेंटिमीटरभर खाली यायला त्याला स्टोक्सच्या हिशेबाने तीन वर्षांच्या आसपास लागावीत. आणि कण जेव्हा याहूनही बारीक, सुटे होतात तेव्हा हा हिशेबच पुरा पडत नाही. पॅरिसच्या झां पेरँने १९०८ पासून काही वर्षे गॅम्बोज नावाच्या पिवळ्या डिंकाचे सूक्ष्म कण पाण्यात सोडून सूक्ष्मदर्शकाखाली निरनिराळ्या उंचीवर ते किती आहेत ते मोजले. (हा डिंक ज्या झाडांपासून निघतो ती आपल्या कोकमाच्याच कुळातली आहेत; ज्या कोकमाच्या बियांचे भिरंडेल आमच्याकडे थंडीत भेगाळलेल्या टाचांना चोळत.) त्याला आढळले ते असे, की कण सगळे तळाशी जाऊन बसत नाहीत, तळाशी दाट, वर विरळ, अशी त्यांची एक मांडणी होते आणि मग ती तशीच राहते. पाण्याचे न दिसणारे रेणू त्यांना चहूबाजूंनी सतत धक्के देत असतात, आणि गुरुत्वाच्या खाली ओढण्याला हे धक्के तोलून धरतात. रेणू खरोखरच आहेत हे त्या मोजणीने जगाला पटले आणि १९२६ साली पेरँला नोबेल पारितोषिक मिळाले. गुरुत्वाला प्रशस्तपादांनी लावलेले अतींद्रिय, कार्यावरून अनुमेय, हे वर्णन येथे थेट त्याच्या प्रतिपक्षाला लागू पडले.

हे सगळे ऐकल्यावर भाचीने जे विचारले ते मला स्वतःला विचारायला बहुधा आणखी दहा वर्षे लागली असती. "म्हणजे कोणीच धरत नाही, तेलच धरतं. मग तुझ्या त्या उदयनाचार्यांचा देव गेला का?"

अनुमान म्हणून पाहिले तर, गेला. पक्ष्याच्या दृष्टान्ताने जी व्याप्ती बांधली ती काजळाच्या डबीत मोडते. वजनदार असून न पडणारी वस्तू तेथे आहे आणि तिला त्या क्षणी कोणाचाही प्रयत्न धरीत नाही. नैयायिक म्हणतील, डबीतही अदृश्य रूपाने ईश्वराचाच प्रयत्न आहे. पण जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरण्याचा हा मार्ग त्यांच्याच शास्त्राने बंद केलेला आहे. हा निकाल लिहून मोकळे व्हावे असे मलाही वाटले होते. परंतु आजीचा हात आठवतो आणि लेखणी थांबते. डबीतल्या काजळाला डबीत कोणी धरीत नव्हते हे खरे. पण ज्योत धिमी ठेवणे, तूप पुन्हा पुन्हा धुणे, रवा उरणार नाही इतके घोटणे, हा प्रयत्न आधी होऊन गेला होता, आणि त्या प्रयत्नाने पदार्थाची घडणच अशी बदलली होती की नंतर हात काढून घेता यावा. पुजारी धरतो आणि आजीही धरते. एकाचे धरणे धरतेवेळी दिसते, दुसरीचे ती उठून गेल्यावर. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य गार्गीला सांगतो की अक्षराच्या प्रशासनामुळे सूर्यचंद्र आपापल्या जागी धरलेले राहतात, तेव्हा त्याने प्रयत्न हा शब्द वापरलेला नाही, प्रशासन हा वापरला आहे. आणि ज्याने कधी सरकारी कचेरी पाहिली आहे त्याला ठाऊक असते की उत्तम अंमल तो, ज्यात अंमलदार स्वारीवर असला तरी तालुक्याचा वसूल वेळेवर जमा होतो. उदयनाचार्यांनी पक्ष्याऐवजी एखादी घोटणारी म्हातारी दृष्टान्ताला घेतली असती तर त्यांचे अनुमान अधिक दुबळे झाले असते, यात शंका नाही. ईश्वर मात्र अधिक विश्वासार्ह वाटला असता.

आता स्नेहाविषयी. आपल्या भाषेत तेल आणि प्रेम यांना एकच शब्द आहे याचे कौतुक पुष्कळांनी केले आहे, इतके की त्यात आता चव उरलेली नाही. मला कौतुक वाटते ते नैयायिकांनी केलेल्या स्नेहाच्या लक्षणाचे: पीठ वगैरे चूर्णाचा पिंड होण्याला जो गुण कारण तो स्नेह, आणि तो केवळ जलात राहतो. कणीक मळताना गोळा होतो तो पाण्यातल्या स्नेहाने. मग तेलाचे काय, तर तेलातही जलाचाच अंश आहे. आणि तसे असेल तर तेलाने आग विझायला हवी, या आक्षेपाला त्यांनी उत्तर दिले आहे की तेथे स्नेहाचा प्रकर्ष असतो आणि तो प्रकर्ष जळण्याला अनुकूल असतो. हे उत्तर रसायनशास्त्रात टिकणार नाही, पण संसार केलेल्या माणसाला ते पटकन खोटे म्हणवणार नाही. असो. मुद्दा हा की त्यांच्या लक्षणात स्नेहाचे काम पिंड करणे हे आहे, आणि माझ्या भाचीची खरी अडचण तीच होती. तिच्या गेरूच्या कणांच्या एकमेकांना धरून गुठळ्या होत होत्या, आणि गुठळी म्हणजे मोठा कण. मोठा कण वर्गाच्या हिशेबाने लवकर पडतो. चूर्णाला चूर्णाशी जोडणारा स्नेह त्याला खालीच नेतो. पाहिजे होता तो कणाकणांच्या मध्ये शिरून, प्रत्येकाला वेगळे भिजवून, एकमेकांपासून जरा अंतरावर ठेवणारा स्नेह. म्हणून रंग कालवणारे कारागीर सगळे तेल एकदम ओतत नाहीत. चमचाभर तेलात पूड घट्ट घेऊन तिला पाट्यावर रगडतात आणि मग हळूहळू पातळ करतात.

येथे निवळीच्या बीची आठवण होणे अपरिहार्य आहे. गढूळ पाण्याच्या घागरीत निवळी उगाळून फिरवली की गाळ खाली बसतो, उगाळलेली निवळीही त्याच्याबरोबर बसते आणि वर निर्मळ पाणी राहते. आत्मबोधात हा दृष्टान्त ज्ञानाला दिला आहे, की ते अज्ञान घालवते आणि मग आपणही मागे उरत नाही. मनुस्मृतीतही निवळी आहे, पण तेथे बजावले आहे ते इतकेच की तिचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. निवळी हे काम कसे करते ते आता ठाऊक झाले आहे: मातीचे बारीक कण, जे एरवी दिवसेंदिवस तरंगत राहिले असते, त्यांना ती एकत्र बांधते, त्यांचे पुंजके करते, आणि पुंजके जड होऊन पडतात. न्यायशास्त्राने सांगितलेला पिंडीभावच तो. अद्वैताला मन असे निवळायला हवे आहे. विचार, वासना, स्मृती, सगळे तळाशी बसावे आणि वर जे उरेल त्यात आत्म्याचे प्रतिबिंब पडावे. पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत याहून चांगला आदर्श नाही. पण घरात पिण्याचे पाणी असते तसे काजळही असते, आणि काजळ निवळले तर ते वाया गेले. ज्या बाटलीतून रंगच हवा आहे तिच्यात वरचे तेल स्वच्छ दिसणे हे यश नव्हे, आणि तरी आपल्याकडे शांतीची जेवढी चित्रे रंगवली गेली ती बहुतेक निवळलेल्या पाण्याचीच आहेत. संन्याशाच्या घागरीवरून गृहस्थाच्या डबीला नापास करण्याची ही वहिवाट फार जुनी आहे. चार मुले, म्हातारे आईबाप, भाऊबंदकीचा एखादा दावा, इतकी पूड ज्याच्या तेलात कालवलेली आहे त्याला, सगळे खाली बसू दे म्हणजे शांत होशील, असे सांगणे म्हणजे त्याच्या आयुष्यातून त्यालाच वगळून टाकणे आहे.

बसणेही सगळे सारखे नसते, ही गोष्ट मला भाचीच्या बाटलीनेच शिकवली. बारीक, एकमेकांपासून सुटे असलेले कण उशिरा बसतात खरे, पण बसताना ते एकमेकांच्या फटींत नेमके जाऊन बसतात आणि तळाशी दगडासारखी वडी होते. मग बाटली कितीही हलवा. सैल पुंजके करून राहिलेले कण मात्र लवकर बसतात, पण पोकळ बसतात, आणि एका हिसक्याने पुन्हा उठतात. म्हणून औषधे तयार करणारे पुष्कळदा मुद्दाम अशी सैल पुंजक्यांची घडण साधतात आणि बाटलीवर 'हलवून घ्यावे' असे छापतात. सांभाळून, एकेकटे, कोणाच्या लक्षात न येता वर्षानुवर्षे खाली आलेल्या माणसाला उठवणे का अवघड जाते याचा विचार मी अनेकदा केला आहे. चारचौघांबरोबर धपकन पडलेला लवकर उठतो.

मीठ पाण्यात विरघळते, आणि उद्दालकाने श्वेतकेतूला तेच पाणी वरून, मधून, खालून चाखायला लावून आत्मतत्त्व शिकवले. विरघळलेल्या मिठाला पडण्याचे भय उरत नाही. पण गेरू तेलात विरघळत नाही, काजळीही नाही, आणि जे विरघळत नाही त्याच्या धारणेचा विचार उपनिषदांनी टाळलेला नाही. छांदोग्यात आणि बृहदारण्यकात दोन्हीकडे आत्म्याला सेतु म्हटले आहे, आणि तेथे सेतु म्हणजे पूल न घेता शेताचा बांध घ्यायचा; लोक एकमेकांत मिसळून त्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून तो त्यांना वेगवेगळे धरून ठेवतो. मिसळू न देणे आणि पडू न देणे ही दोन कामे तेथे एकाच शब्दावर सोपवलेली आहेत. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि परस्परांहून भिन्न मानणाऱ्या आमच्या महानुभावांना हे बहुधा समजावून सांगावे लागले नसते. मी स्वतः अद्वैताच्या संस्कारात वाढलो आणि मिठाचा दृष्टान्त मला आजही सुंदर वाटतो. परंतु या वयाला आपल्यातले काय खरोखर विरघळले आणि काय नुसते तरंगते आहे याचा जमाखर्च मांडायला बसलो तर दुसऱ्या बाजूची रक्कम फार मोठी निघते, आणि ती तरंगती राहिली याबद्दल मी कृतज्ञ आहे.

भाचीला मी शेवटी मेणाचा सल्ला दिला. तो माझा नव्हे. तो आमच्या घरातल्या फणेरपेटीचा आहे, जिच्यात कुंकवाच्या करंड्याशेजारी मेणाची डबी असे आणि त्या मेणाचे बोट कपाळावर टेकवून त्यावर कोरडे कुंकू बसवले जाई. चार भाग तेलाला एक भाग मधमाशीचे मेण घेतले, मंद आचेवर पातेल्यातल्या पाण्यात वाटी ठेवून ते वितळवले आणि आधी चमचाभर तेलात रगडून ठेवलेला गेरू त्यात सोडला. वितळलेल्या मेणात तो आणखीच झपाट्याने बसू लागला, कारण ऊन तेल पातळ असते. तेव्हा वाटी उतरवल्यापासून थिजेपर्यंतचा वेळ हा सगळा ढवळण्याचा होता. मेण निवताना त्याचे सूक्ष्म स्फटिक एकमेकांना टेकून तेलाच्या आत एक जाळे उभे करतात आणि कण त्या जाळ्यात अडकून राहतात. लवकर हात काढला तर जाळे होण्याआधी गेरू तळ गाठतो, आणि फार उशिरापर्यंत ढवळत राहिले तर झालेले जाळे आपणच मोडतो. तो क्षण कोणत्या पुस्तकात लिहून ठेवता येत नाही. आम्ही आळीपाळीने ढवळत होतो. बाहेर पाऊस लागला होता. ती म्हणाली, "थांबू?" मी म्हणालो, अजून नाही. पाच-सात मिनिटांनी चमच्यामागची रेघ बुजायला वेळ लावू लागली. तिने माझ्याकडे न पाहता चमचा उचलला, आणि वाटीतली शेवटची रेघ तशीच राहिली.